उलटा डोह

पूर्वी गोदावरीकाठच्या पोतली नगरीत विशाख राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका बुरुडाच्या घरी जन्माला आले. त्या जन्मी त्यांचं नाव होतं वेळुक. नगरीची शीव संपली की नदीला एक मोठं वळण लागायचं. वळणाच्या पोटात वेळूचं बन होतं आणि बनाला पाठ टेकून वेळुकाची झोपडी. झोपडीत त्याची बायको उत्पला, दोन लहान मुली आणि म्हातारी आई सोमा. सोमाला डोळ्यांनी फारसं दिसत नसे, पण घरात काय चाललंय ते सगळ्यांच्या आधी तिलाच कळायचं.

वेळुक सुपं विणायचा, परड्या विणायचा, धान्याच्या कणग्या विणायचा. एका वर्षी पाऊस असा काही रुसला की लोकांच्या घरात पाखडायलाच काही उरलं नाही. मग सूप कोण घेणार आणि कणगीत भरणार काय? विणलेला माल झोपडीत छपरापर्यंत चढला. मुली परड्या डोक्यावर घालून राजा-राणी खेळायच्या आणि उत्पला चुलीपुढे बसून त्यांच्याकडे बघत राहायची.

अशा दिवसांत कुंभीर नावाचा एक पारधी दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "सगळ्यात मोठं डालगं दाखव."

डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची मोठी टोपली. उत्पलेने विचारलं, "किती कोंबड्या आहेत तुमच्या?"

"एकच. मीच."

उत्पला हसली. पण पारधी हसला नाही. पाणवठ्याशी झाडाआड बसून बसून तो कंटाळला होता. हरणं लांबूनच ओळखायची. अंगावर डालगं घेऊन बसलो तर कसं, असं त्याच्या मनात आलं होतं. वेळुकाने त्याला उभा केला, मग बसवला, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत वेळूच्या कामटीने माप घेतलं, आणि चार दिवसांत माणूस आत बसेल असं डालगं विणून दिलं. समोर बाण सोडायला एक झरोका ठेवला. वेळुकाचा नवा धंदा सुरू झाला तो असा.

सुरू झाला खरा, पण पहिलाच माल परत आला. तिसऱ्या दिवशी कुंभीर डालगं पाठीवर घेऊन तणतणत आला. "अरे, हे काय दिलंस मला? ससासुद्धा फिरकला नाही. एक मोर तेवढा आला. त्याने तुझ्या डालग्यात आपलं तोंड पाहिलं आणि दिवसभर माझ्यापुढे पिसारा फुलवून नाचला!"

चूक बुरुडाचीच होती, आणि ती बुरुडानेच करावी अशी होती. वेळू चिरला की त्याची एक बाजू गुळगुळीत, चकचकीत असते. तिला पाठ म्हणतात. आतली बाजू खरबरीत आणि फिकी, ते पोट. पिढ्यान् पिढ्या बुरूड पाठ बाहेर ठेवूनच विणत आलेला, कारण गिऱ्हाइकाला चकाकी दिसली पाहिजे. वेळुकाच्या हातांनी तेच केलं होतं. त्याने ते डालगं पाणवठ्याशी नेऊन ठेवलं, पाण्याच्या पलीकडे गेला, आणि गुडघ्यांवर, हातांवर ओणवा झाला. हरणाच्या उंचीवरून त्याने पाहिलं. उन्हात डालगं नव्या भांड्यासारखं लखलखत होतं.

मग त्याने सगळं उलटं केलं. पोट बाहेर, पाठ आत. वरून चिखल लिंपला आणि त्याच जागेचं गवत खोवलं. सोमा हाताने चाचपून म्हणाली, "वेळ्या, तुझ्या आज्याने हे पाहिलं असतं तर कोयता घेऊन तुझ्या मागे लागला असता."

"आजा हरीण नव्हता, आई," वेळुक म्हणाला.

आता त्याला डालगं म्हणणं शोभेना. लोक त्याला लपण म्हणू लागले. पोतलीच्या आसपासचे पारधी वेळुकाचं घर विचारत येऊ लागले. एकाला सारखा खोकला यायचा, त्याच्या लपणाला आतून कापसाचा थर दिला. एक डावखुरा होता, त्याचा झरोका उजवीकडे सरकवला. एका जाड्या गृहस्थाला बसल्यावर उठताच येत नसे, त्याच्यासाठी आत दोरखंड बांधून दिलं. प्रत्येकाचं माप निराळं, प्रत्येकाचं लपण निराळं. घरात पुन्हा चूल दोन वेळा पेटू लागली.

वेळुकाची एक रीत होती. नवं लपण जाग्यावर ठेवलं की तो ते लगेच गिऱ्हाइकाच्या हवाली करीत नसे. ताज्या वेळूचा वास येतो, माणसाच्या हाताचा वास येतो. लपण मुरावं लागतं. म्हणून तीन दिवस, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, तो स्वतः आत बसायचा. हलायचा नाही, खोकायचा नाही. पहिल्या दिवशी रान त्याच्याकडे कान लावून असायचं. दुसऱ्या दिवशी चिमण्या लपणावर येऊन बसायच्या. तिसऱ्या दिवशी रान त्याला विसरून जायचं. मग हरणं यायची, भेकर यायचं, रानडुकरीण पिल्लांची रांग घेऊन यायची, आणि वेळुक त्यांच्यामध्ये बसलेला असायचा; आहे, आणि नाही. त्या तीन दिवसांनंतर तो घरी यायचा तेव्हा त्याचं बोलणं इतकं हळू झालेलं असायचं की मुलींना त्याच्या तोंडाशी कान न्यावा लागे.

शिकार साधली की पारधी मांसाचा वाटा पाठवायचे. वेळुक त्याला शिवायचासुद्धा नाही. एकदा उत्पलेने विचारलं, "बरं वाटत नाही का?"

"ते हरीण पाणी पीत होतं तेव्हा मी त्याला पाहिलं होतं, उत्पले," तो म्हणाला. "त्याच्या कानामागे एक गोचीड होती."

एवढंच बोलला. पण त्या दिवसापासून उत्पलेच्या लक्षात आलं की नवं काम आलं तरी नवऱ्याचा चेहरा खुलत नाही.

तशात एक दिवस राजाच्या शिकारखान्याचा नायक रोहक घोड्यावरून आला. घोड्यावरूनच म्हणाला, "कोंबड्या झाकणारा वेळुक तो तूच का?"

"माणसं झाकतो आता," आतून सोमा म्हणाली. "उतरलात तर तुमचंही माप घेईल."

रोहक उतरला नाही. त्याने सांगितलं ते असं. वसंताच्या उत्सवाआधी राजाने आपल्या हाताने एक हरीण पाडायचं, अशी त्या राजघराण्याची रीत. विशाख राजा आता म्हातारा झाला होता. तीन वर्षं त्याचा बाण चुकत होता, आणि राजाचा हात गेला असं लोक बाजारात बोलू लागले होते. यंदा चुकून चालणार नव्हतं. सावळ्या डोहावर चितळांचा कळप पाण्याला येतो. तिथे राजासाठी लपण हवं. राजाच्या डोळ्यांना उजेड सोसत नाही, पाणी येतं, म्हणून आत मिट्ट काळोख हवा. समोर एक झडप, दोरी ओढली की उघडणारी.

"हरीण मिळालं तर हे वेळूचं बन तुझ्या घराण्याच्या नावे होईल," रोहक म्हणाला. "नाही मिळालं तर या बनात तुझा कोयता पुन्हा चालणार नाही. राजाचं हसू झालं तर कुणाला तरी त्याचं फळ भोगावं लागेल ना?"

तो गेल्यावर उत्पला कितीतरी वेळ बनाकडे बघत राहिली. त्या बनातली वेळूची कोवळी बेटं तिच्या सासऱ्याने लावली होती. वेळू मिळाला नाही तर बुरुडाने विणायचं काय, आणि खायचं काय?

वेळुकाने काम घेतलं. सावळ्या डोहाच्या काठी, पलीकडच्या जांभळीसमोर लपण उभं राहिलं. इतकं घट्ट विणलं, इतकं जाड लिंपलं की झडप मिटली की आत स्वतःचा हात दिसू नये. मग तो मुरवायला बसला.

तिसऱ्या दिवशी दुपारी उत्पला भाकरी घेऊन गेली. मागच्या दाराने वाकून आत शिरली, आणि वेळुकाने तिला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. पुढच्या भिंतीत एका पेराची गाठ गळून पडली होती. तिथे ज्वारीच्या दाण्याएवढं भोक राहिलं होतं. त्या भोकातून उजेडाची एक रेघ आत येत होती.

"खाली बघ," तो कुजबुजला. "तुझ्या पदरावर."

उत्पलेने पाहिलं. तिच्या पांढऱ्या पदरावर डोह पसरला होता. सगळा डोह, पण उलटा. पाणी वर आणि आकाश खाली. पलीकडची झाडं शेंडे खाली करून लोंबत होती, आणि वाऱ्याने हलत होती. तिला वाटलं आपल्याला झोप लागली. तेवढ्यात झाडांमधून चितळांचा कळप आला. पाय वर, पाठी खाली, एकामागून एक, आवाज न करता तिच्या मांडीवरून चालू लागला. सगळ्यांत पुढे एक म्हातारी हरिणी होती. तिच्या मागे एक पाडस. उत्पलेने हळूच तळहात पुढे केला, आणि पाडस तिच्या तळहातावर आलं. अंगावरचा एकेक ठिपका दिसत होता. हाताला काही लागत नव्हतं, भार नव्हता, ऊब नव्हती. तरी तिने बोटं मिटली नाहीत.

बाहेर हरणं पाणी पिऊन गेली. पदरावरची गेली. मग उत्पलेने श्वास सोडला.

"हे भोक बुजवायला हवं," ती म्हणाली. "राजाला काळोख हवाय. आत ही चित्रं नाचू लागली तर नेम कसा धरेल तो?"

"बुजवणार नाही मी."

"मग सगळं लपणच पुन्हा उलटं विणा. पाठ बाहेर. हरणं चकाकी बघून पळतील, कुणाला कळणार आहे? हरणंही वाचली आणि..."

"राजाने माझ्या हातावर भरवसा ठेवलाय," वेळुक म्हणाला. "वाईट माल देऊन मी त्याला फसवू कसा? आणि हे पाहिल्यावर भोक तरी बुजवू कसं? राजा आला की मी त्याला सांगेन. इथे एक भोक आहे, त्यातून असं असं दिसतं. बुजवायचं असेल तर त्याने बुजवावं."

"आणि बन?"

वेळुकाने वर भोकाकडे पाहिलं.

"मुलींना खायला काय घालू, हरणाची सावली?" उत्पला म्हणाली, आणि भाकरीचं फडकं झाडून निघून गेली.

राजा यायचा तो दिवस उजाडला. वेळुक राजाला सामोरा जायला वाटेवर गेला. उत्पला घरातून निघाली ती थेट डोहावर. वाटेत तिने काठाचा ओला चिखल मुठीत घेतला. नवऱ्याला बुजवता येत नसेल तर आपण बुजवू, असं तिने ठरवलं होतं. चिमूटभर तर चिखल, त्यात एवढं काय? ती आत शिरली, झडप मिटलेली होती. भोकाशी हात नेला, आणि तिच्या मनगटावर जांभळीची फांदी डोलू लागली. हात मागे घेतला, पुन्हा नेला. असं कितीदा झालं कुणास ठाऊक. बाहेर पावलं वाजली तेव्हा चिखल अजून तिच्या मुठीतच होता.

"कोण आहे आत?" रोहक ओरडला. "बाहेर ये! ही जागा महाराजांची आहे!"

त्याच्या मागे वेळुक होता, आणि वेळुकाच्या पुढे राजा. साधं पांढरं उपरणं पांघरलेला, डोळ्यांवर हाताची सावली धरलेला म्हातारा. त्याने वाकून आत पाहिलं.

"मुठीत काय आहे, बाई?"

उत्पलेने नवऱ्याकडे पाहिलं. मग मूठ उघडली. "चिखल आहे, महाराज. इथे एक भोक आहे. तुम्ही यायच्या आधी बुजवायला आले होते."

"मग बुजवलं का नाहीस?"

"हात धजला नाही."

रोहक चिडून काही बोलणार होता. राजाने त्याला थांबवलं. वेळुक पुढे झाला आणि त्याने जे आहे ते सांगितलं. भोक कसं राहिलं, त्यातून काय दिसतं, आणि चिमूटभर चिखलाने ते कसं बंद होईल. बनाबद्दल एक शब्द बोलला नाही. राजाने ऐकून घेतलं. म्हणाला, "तुम्ही दोघं मागे जाऊन थांबा. बाई, तू इथेच बस. चिखल लावायचा की नाही ते मी सांगेन."

राजा आत बसला. धनुष्य मांडीवर घेतलं. उत्पलेने झडपेची दोरी हाताशी धरली. काळोख झाला, आणि हळूहळू राजाच्या उपरण्यावर डोह उमटला.

म्हाताऱ्याने उपरण्याचं टोक ओढून सरळ केलं.

"हे काय, बाई?"

"तुमचाच डोह, महाराज."

"उलटा?"

"गरिबाच्या घरात सगळं उलटंच येतं."

राजा काळोखात हसला. मग दोघंही वाट बघत बसली. दुपार डोक्यावर आली. डोहावरचं ऊन इतकं स्वच्छ होतं की उपरण्यावर पाण्याची लाट न् लाट दिसत होती, आणि एक खंड्या पोटाकडून खांद्याकडे सुळकन गेला. मग चितळं आली. म्हातारी हरिणी पुढे. ती राजाच्या कुशीकडून आली, थांबली, कान हलवले. तिच्या मागून पाडस. मग बाकीची. राजाच्या छातीवर सगळा कळप उलटा उभा होता आणि पाणी पीत होता. राजाच्या श्वासाबरोबर हरणं वर व्हायची, खाली व्हायची.

राजाने धनुष्याला बाण लावला. उत्पलेच्या हातातली दोरी घामाने भिजली. तिला मुली दिसत होत्या, परड्या डोक्यावर घातलेल्या. बन दिसत होतं. आणि त्या सगळ्यावरून तिच्या डोळ्यांपुढे ते पाडस चालत होतं.

"झडप उघडली," राजाने विचारलं, "की हे पुसलं जाईल का?"

खोटं बोलून बन वाचवायला एवढाच वेळ होता. उत्पला म्हणाली, "हो महाराज. उजेड आला की काही राहत नाही. मग ती बाहेर असतात फक्त."

राजाने खाली पाहिलं. हरिणी नेमकी त्याच्या काळजावर उभी होती. तिने पाण्यातून तोंड काढलं, आणि थेंब वर, पाण्याकडे पडले. राजाने हात उचलला, तिला स्पर्श करावा तसा. हरिणी त्याच्या बोटांवर आली. कातडी लोंबलेल्या, शिरा फुगलेल्या त्या हातावर ती क्षणभर तशीच राहिली.

"किती म्हातारी आहे गं ही," राजा म्हणाला. "माझ्याएवढीच असेल."

"राहू दे," मग तो म्हणाला. "दोरी सोड."

उत्पलेने दोरी सोडली. चितळं पोटभर पाणी प्यायली आणि एक एक करून राजाच्या खांद्यावरून निघून गेली.

दोघं बाहेर आली तेव्हा रोहक घामाघूम होऊन धावत आला. "महाराज! कळप आला होता, अगदी हाताशी आला होता! झडप उघडली नाही का? मी म्हटलंच होतं, या बुरुडाचं लपण बिघडलेलं आहे!"

"लपण चांगलं आहे," राजा म्हणाला. "मी दिसलो नाही कुणाला. मला मात्र सगळं दिसलं. जा, तूही आत बस."

रोहक आत जाऊन बसला, आणि लगेच बाहेर आला. "एक जांभळीचं झाड दिसलं," तो म्हणाला. रोहकाला हे कळायला पुढे पुष्कळ दिवस लागले.

वसंताच्या उत्सवात राजा रिकाम्या हाताने आला. लोक कुजबुजले. राजाने सगळ्यांसमोर सांगितलं, "यंदा माझा बाण चुकला नाही. मी तो सोडलाच नाही." आणि सावळ्या डोहाला अभय दिलं. त्या डोहाकाठी कुणी धनुष्य घेऊन जायचं नाही, अशी दवंडी पिटली.

हरीण मिळालं नव्हतं, म्हणून बन जाणार या भीतीने उत्पला आठ दिवस जेवली नाही. नवव्या दिवशी राजाचा माणूस आला. बन वेळुकाच्या नावे झालं होतं. त्याच्या मुलींच्या, मुलींच्या मुलींच्या नावे. वर निरोप होता: राजाला आणखी तीन लपणं हवीत, तीन पाणवठ्यांवर. झडप नको. भोक तेवढं हवं.

सोमाने निरोप ऐकला आणि म्हणाली, "सूनबाई, आता जेव. राजा भोकाचे दाम देतोय, अजून काय हवं?"

मग वेळुकाच्या दारी लोक येऊ लागले ते बघायला बसणारे. म्हातारे आले, लेकुरवाळ्या आल्या, दूरच्या गावचे व्यापारी आले. माप घ्यायची रीत तीच राहिली, मुरवायची रीत तीच राहिली. येताना पांढरं पांघरूण आणायचं, एवढं नवं. सगळ्यांनी धनुष्यं टाकली असं नाही. कुंभीराने टाकलं नाही, आणि तो जाडा गृहस्थ तर आत बसल्या बसल्या घोरत असे. पण सावळ्या डोहाची चितळं वाढली, बन वाढलं, आणि वेळुकाच्या मुली चांगल्या घरी गेल्या. पुढच्या दुष्काळातही त्या झोपडीची चूल विझली नाही. उत्पला म्हातारी झाली तेव्हा दुपारची लपणात जाऊन बसायची, नातवंडं पदरावर चितळं मोजायची, आणि मोजता मोजता तिच्या मांडीवर झोपी जायची.

ही गोष्ट सांगून शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, भिक्षूंना ओळख पटवून दिली. त्या वेळचा विशाख राजा म्हणजे आताचा आनंद. पुष्कळ दिवस न कळलेला आणि मग एकदम कळलेला रोहक म्हणजे अंगुलिमाल. सोमा म्हणजे महाप्रजापती गौतमी, आणि मुठीतला चिखल राजाला दाखवणारी उत्पला म्हणजे राहुलमाता. आणि ते म्हणाले, वेळुक बुरूड मी स्वतःच होतो. त्या जन्मी मी हरणांना जपलं, आणि त्यासाठी माणसाला फसवलं नाही. सत्याची परिपूर्णता, सत्यपारमी म्हणतात ती हीच.